रिकाम्या गावचा गाववाला

ज्या गावात एकही माणूस राहत नाही, त्या गावाचा एवढा अभिमान बाळगणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. आम्हा मालवणकडच्यांना गावाचं वेड काही नवं नाही. पण आमच्या गावात निदान माणसं असतात, भांडायला का होईना. दम्मामला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे ग्रीक गृहस्थ ज्या गावाबद्दल बोलायचे, तिथं कोल्हे, अंजिराची झाडं आणि पडकी चर्चं यांपलीकडे काही उरलं नव्हतं. आधी पाणी आटलं, मग शाळा बंद पडली, मग माणसं कुणी अथेन्सला, कुणी ऑस्ट्रेलियाला गेली. हे ग्रीक बंदरावरच्या गोदामांचं काँक्रीट तपासायला सौदीत आले. तरी कुणी ‘कुठले तुम्ही?’ म्हणून विचारलं, तर ग्रीसच्या आधी गावाचं नाव सांगायचे, आणि समोरच्याला ते ठाऊक नाही याचं त्यांना दर वेळी मनापासून आश्चर्य वाटायचं.

कुणाच्याही घरात शिरले की नमस्काराच्या आधी त्यांची नजर छताकडे जाई. मग बोटाच्या पेरानं भिंत वाजवून बघत, मी दवाखान्यात रुग्णाची पाठ वाजवते तशी. आमच्या हॉलची भिंत वाजवून म्हणाले, “डॉक्टर, ही काल-परवाची पोर, आणि आत्ताच खोकते आहे. आमच्याकडच्या भिंती मध्ययुगातल्या. डोक्यावर छप्पर नाही, पण तब्येत ठणठणीत.” मी डॉक्टर म्हणून मला एक गोष्ट ते मुद्दाम सांगायचे. तिथल्या एका चर्चमध्ये भिंतीवर रंगवलेल्या संतांना डोळेच राहिलेले नाहीत, कारण गावच्या बायका त्या डोळ्यांचा गिलावा खरवडून औषध म्हणून पाण्यातून घ्यायच्या. “माझ्या आजीला शेवटपर्यंत मोतीबिंदू झाला नाही,” असं म्हणून ते माझ्याकडे बघायचे, आणि मला उगीचच आपण काहीच शिकलो नाही असं वाटायचं.

जेवायला बोलावलं की जेवण बाजूला राहायचं आणि टेबलावर गाव मांडलं जायचं. आमटीची वाटी म्हणजे मोठं चर्च, लोणच्याची बरणी म्हणजे घंटेचा मनोरा, लिंबाची फोड म्हणजे विहीर. एकदा आमच्या ह्यांनी बोलण्याच्या नादात ती आमटीची वाटी उचलली आणि तोंडाला लावली. ग्रीकांनी हातातला घास तसाच धरून ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, “भूकंपालाही जे जमलं नाही, ते तुमच्या यजमानांनी करून दाखवलं.” त्यानंतर आमचे हे आमटी भातावर ओतूनच घेऊ लागले.

अख्खं दम्माम उन्हाळ्यात सुटीवर जातं. ग्रीक मात्र फेब्रुवारीत जायचे, हाडं गोठवणाऱ्या थंडीत. त्या महिन्यात त्यांच्या गावच्या संताचा सण असायचा. साथीच्या रोगांपासून गावाला राखणारा तो संत. ते एकटे डोंगर चढून जायचे, अर्धं छप्पर उरलेल्या मोठ्या चर्चमध्ये तेलाचा दिवा लावायचे, एकेका घराचं नाव मोठ्यानं घ्यायचे आणि उतरून यायचे. बंदरावरचे लोक त्यांना खुळा म्हातारा म्हणत. ते म्हणत, “वर्षातून एकदा दिवा लागतो ना, मग गाव टाकलेलं नाही. माणसं जरा बाहेर गेलीत, एवढंच. ज्या वर्षी दिवा लागणार नाही, त्या वर्षी ते ओसाड.”

आणि मग कुवेतवरून युद्ध पेटलं. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्या आल्या, दाराच्या फटीला ओले टॉवेल आले, भोंगा वाजला की आमच्या लहान मुलीला मास्क चढवून आतल्या खोलीत बसायचं, हे रोजचं झालं. बंदरावर जहाजांची रीघ लागली. ग्रीकांचा पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे तिथल्या मालकाकडे होता, आणि त्यानं रजेच्या अर्जावर एका शब्दात उत्तर दिलं: खलास. सणाच्या आदल्या संध्याकाळी ते आमच्याकडे येऊन बसले तेव्हा छताकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला भोंग्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

“उद्या दिवा लागणार नाही, डॉक्टर,” ते म्हणाले. “माझ्या हातून गाव ओसाड झालं.”

मी त्यांना आमची गावपळण सांगितली. काही वर्षांनी एकदा आमचा सबंध गाव देवाच्या आज्ञेनं घराबाहेर पडतो. गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं, टोपल्या, सगळं घेऊन वेशीपलीकडे झोपड्या बांधून तीन दिवस राहतो. तेवढे दिवस गावात कुणी पाऊल टाकायचं नाही, चूल नाही, दिवा नाही. गाव देवाच्या हवाली. “तो काळोख म्हणजे ओसाडी नव्हे,” मी म्हटलं. “देवाची पाळी असते ती.”

“आणि परत कधी जायचं, ते कोण सांगतं?”

“देवच. कौल लावतात. मूर्तीला दोन्ही बाजूंना ओले तांदूळ लावायचे. उजवीकडचा पडला तर चला. डावीकडचा पडला तर थांबा.”

ते उठून वर गेले. मला वाटलं, समजूत पटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. बाहेर ग्रीक उभे, काखेत गादीची वळकटी, एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात टोपलीत कोंबलेलं मांजर. “दिवा विझवून आलो,” ते म्हणाले. “तुम्ही म्हणालात जनावरंही आणायची. माझ्याकडे एवढंच आहे.”

आमचे हे माझ्याकडे बघत राहिले, मी ह्यांच्याकडे. पण दारात आलेल्या गावाला परत कसं पाठवणार? ते राहिले. दिवसा बंदरावर जायचे, संध्याकाळी भोंगा झाला की आमच्यासोबत आतल्या खोलीत बसून मुलीला गावातल्या घरांची नावं शिकवायचे. ती मास्कमधून घुमत्या आवाजात म्हणायची, “अंकल, वन्स मोअर.” तिची भीती त्या खोलीत पहिल्यांदा थोडी कमी झाली.

तीन दिवस सरले तसे ते अंघोळ करून समोर उभे राहिले. “आता विचारा.” मी कोण कौल लावणारी? आमच्याकडे तो मान गुरवाचा. पण ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते की मी स्वयंपाकघराच्या कपाटातला पितळी गणपती काढला, हात जोडले आणि दोन दाणे लावले. डावा पडला. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण मांजर ह्यांच्याच अंथरुणावर झोपत होतं. ग्रीक शांतपणे म्हणाले, “नाही म्हणाला तर नाही. उद्या विचारू.”

दुसऱ्या दिवशी उजवा पडला. त्यांनी चष्मा पुसला, मांजर उचललं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वर गेले. थोड्या वेळानं वरून भिंत वाजवल्याचा आवाज आला. मी ओट्याशी उभी राहून रडले.

पुढच्या फेब्रुवारीत त्यांना रजा मिळाली. चर्चमधल्या दिव्याची काचेची वाटी तडकली होती म्हणून माझी एक स्टीलची वाटी मागून घेऊन गेले. आल्यावर म्हणाले, “आधी वेशीवर उभं राहून विचारलं, येऊ का? मगच आत गेलो.”

मग आम्ही भारतात परतलो, ते अथेन्सला बहिणीकडे. दर फेब्रुवारीत फोन यायचा: “डॉक्टर, तुमची वाटी पेटली.” पुढं गुडघे गेले, तरी कुणाच्या तरी खेचरावर बसून ते जात राहिले. मग एका फेब्रुवारीत फोन आला नाही. मी केला, तर तो कुणी उचलला नाही.

आमटीच्या सेटमध्ये एक वाटी कमी आहे, ती मी मुद्दाम भरून काढली नाही. फेब्रुवारी आला की तोच गणपती पुढं घेते, मला आठवतात तेवढी घरांची नावं घेते, ‘गाव अजून आहे ना?’ असं विचारते आणि दोन दाणे लावते. अजून एकही पडलेला नाही. हे म्हणतात, तू पाणी जास्त लावतेस. लावत असेन. पण डावा पडत नाही तोवर मी ते गाव ओसाड म्हणणार नाही.