धर वरवंटा, मंग बोल

खांडबाऱ्याजवळच्या एका गावात मी बायकांचा गट चालवते. चालवते म्हणायचं आपलं. खरं तर गटच मला चालवतो. सुरुवातीला बैठकीत सगळ्या एकदम बोलायच्या. मी मध्येच 'सामाजिक न्याय' म्हणायचे आणि तो शब्द मिरच्यांच्या भावात बुडून जायचा. गावातल्या बायका अहिराणीत कडाडायच्या आणि नाल्यापलीकडच्या पाड्यावरून आलेल्या भिंतीला टेकून गप्प बसायच्या. सगळ्यांना बोलायला मिळावं हा न्यायाचा पहिला धडा, आणि तो माझ्याच सतरंजीवर नापास!

मग प्रशिक्षणात शिकलेली युक्ती काढली. एक वस्तू ठरवायची. ती जिच्या हातात, तिनंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. प्रशिक्षणात आम्हाला मऊ चेंडू दिला होता. मी म्हटलं, "घरातलं काहीतरी आणा, हातात धरता येईल असं." गटातली सगळ्यात वयस्कर मावशी उठली, शेजारच्या तिच्या घरात गेली आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली. काळाभोर, मिरचीचा वास येणारा, तान्ह्या पोराएवढा जड.

मी कपाळाला हात लावला. पण काय सांगू, त्या दगडानं जादू केली! उचलली जीभ लावली टाळ्याला हे सोपं असतं. वरवंटा उचलून बोलायचं म्हणजे मुद्द्याचंच सुचतं. जिची बडबड लांबली तिच्या हाताला रग लागायची आणि "धर व माय" म्हणत ती तो शेजारणीच्या मांडीत ठेवायची. हसून हसून आमची पोटं दुखायची. मावशी तेवढी करवादायची, "वरवंटा आठे शे, मंग मन्ही चटणी कोन वाटी, सरकार?"

एके दिवशी वरवंटा भिंतीपर्यंत पोचला आणि पाड्यावरची एक तरुण आई बोलली. थोडं तिच्या डोंगरातल्या कोकणा आदिवासींच्या बोलीत, थोडं बाजारातल्या अहिराणीत. अंगणवाडी गावात, मध्ये नाला. पावसात तिची चार वर्षांची पोरगी नाल्यात घसरली, तेव्हापासून जायला बघत नव्हती. दिवाळीनंतर नवरा-बायको ऊस तोडायला गुजरातला जाणार. अंगणवाडी पाड्यावर भरली तर पोरगी आजीजवळ राहील. नाहीतर तीही फडावर, उसाच्या पाचटात. एवढं बोलून तिनं वरवंटा खाली ठेवला. कुणी हसलं नाही. दिवाळीआधीच्या ग्रामसभेत हे मांडायचं ठरलं.

आमच्या ग्रामसभेत उपसरपंच एकटेच बोलत. सरपंच बाई होत्या, पण त्या शेजारी पदर सावरून बसत आणि दाखवतील तिथं सही करत. त्या दिवशी पोरीची आई, पदराला पोरगी नि हातात पिशवी, अशी टेबलापाशी गेली आणि आतून काढून वरवंटा धाडकन टेबलावर ठेवला. उपसरपंचांची खुर्ची हातभर मागे सरकली.

"हाई काय शे? मारानं काम शे का?"

तिनं वरवंटा उचलला आणि नाला, पोरगी, ऊस, सगळं सांगून टाकलं. "बरं, पाहू," उपसरपंच म्हणाले, तोच तिनं तो त्यांच्यापुढे धरला. "धरा, मंग बोला."

सगळी सभा खदखदली. बिचाऱ्यांनी भिडेखातर धरला आणि भाषण सुरू केलं. नियम झाले तेव्हा वरवंटा छातीशी होता, निधी येईस्तोवर पोटाशी आला, तालुक्याच्या मंजुरीपर्यंत गुडघ्यावर टेकला. आवाजही तसाच खाली खाली येत होता. टेबलावर ठेवावा म्हणून वळले, तर मावशीनं दोन्ही कोपरं तिथं पसरलेली. शेवटी जवळ जे हात दिसले त्यांत त्यांनी वरवंटा दिला. ते हात सरपंचबाईंचे होते.

बाईंनी तो मांडीत नीट घेतला. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पोरीच्या आईकडे. "पाड्यावरनं समाजघर रिकामं शे," त्या म्हणाल्या. "अंगणवाडी तठे भरू द्या. मंजूर."

मी इतकी वर्षं बायकांना 'शांतपणे, शांतपणे' शिकवत आलेय. त्या क्षणी सगळ्यात मोठ्यानं मीच किंचाळले. मावशीनं माझा गाल ओढला आणि वरवंटा परत मागायचंच विसरली.

दिवाळी सरली, पोरीची आई ऊसतोडीला गेली. एका सकाळी मी पाड्यावर पोरीच्या आजीकडे असताना तिचा फोन आला. "पोरगी बोलते का वो?" आवाज कातर होता. मी फोन पोरीच्या कानाला लावला. पोरगी गप्प. पलीकडून आई हाका मारतेय, इकडे ही अंगणात काहीतरी शोधतेय. मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात पोरीनं खाली वाकून दोन्ही हातांनी एक दगड उचलला, पोटाशी धरला आणि मग जी सुरू झाली! दगड लहानसाच होता. माझ्या फोनची चार्जिंग संपली, पोरगी संपली नाही.