मालकाचा खोकला

उन्हाळ्यात घराला कुलूप न लावता तुम्ही खुशाल पचमढीला जाता, तेव्हा तुमच्या जागी आतून खोकतं कोण, हे कधी मनात आलंय का?

धंतोलीत कवडू खोकायचा. म्हणजे खोकणार होता, त्याची तयारी चालली होती.

संपात पुढं राहिला म्हणून गिरणीनं त्याचं नाव कापलं. मग केशव नावाच्या सोबत्यानं त्याला मनोहररावांचं घर राखायचं काम लावून दिलं. मनोहरराव प्रांताच्या कचेरीत मोठे कारकून. उन्हाळ्यात कचेरी पचमढी चढली की तिच्यामागं हेही बायकोला, इंदुताईंना, घेऊन चढायचे. मागं घर भरलेलं दिसलं पाहिजे. दोरीवर धोतर, खिडकीतल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी, आणि कोणी कडी वाजवली की आतून मालकाचा खोकला. दार मात्र उघडायचं नाही. आदल्या वर्षी शेजारच्या घरी ‘तार आली’ म्हणून दार उघडायला लावलं आणि चोरांनी हंडे-घागरीसुद्धा ठेवल्या नव्हत्या.

पण कवडूच्या छातीत गिरणीचा कापूस. एकदा खोकला सुरू झाला की थांबायचा नाही.

“हा गरिबाचा खोकला झाला रे,” मनोहरराव म्हणाले. “हा ऐकून चोर पळणार नाही, काढा आणून देईल!”

इंदुताई पदराआड हसल्या. कवडूही हसला, पण आतून जळला. खोकल्यातही मालक-नोकर! तरी शिकला. आधी घसा खाकरायचा, मग दोन ठसके. छोटे, पोट भरलेल्या माणसाचे.

मग पचमढीला निघण्याआधी परीक्षा लागली. “दुपारी आम्ही दोघंही घरी नसू. मी कोणालाही पाठवीन,” मनोहरराव म्हणाले. “दार उघडलंस तर दुसरा माणूस बघतो.”

पहिल्याच दुपारी केशवचा आवाज आला, “अबे कवडू, चाल ना बे, चहा पिऊन येऊ!” कवडूचा हात कडीवर गेला होता. कसाबसा मागं घेतला. संध्याकाळी कळलं, केशवला साहेबांनीच धाडलं होतं.

दुसऱ्या दुपारी पुन्हा कडी वाजली.

“अजी, मी होय. दार उघडा. मायनं पाणी घेणं सोडलं. तुमचं नाव घेऊन राहिली.”

वच्छला. त्याची बायको. माय, प्रयागबाई, तापानं पडून होती हे खरं, पण सकाळी तिनं पेज घेतली होती. वच्छलाला हे घर दाखवलं कोणी? केशवनंच. आणि केशवला पाठवलं कोणी? वा गा साहेब! काल दोस्त, आज बायको. मायच्या दुखण्याचाही खेळ करता? बघा तर मग, हा कवडू हलतो का.

त्यानं घसा खाकरला. दोन ठसके दिले. इतके बेतशीर ते आजवर जमले नव्हते.

बाहेर वच्छलाचा आवाज एकदम खाली आला. “माफी करा, मालक. आमच्या घरचे आले तं सांगजा, लवकर घरी या म्हणा.”

काय सोंग वठवते, असं म्हणून कवडू आत हसला.

मनोहरराव आल्यावर तो ऐटीत म्हणाला, “साहेब, बायकोले बी शिकवून पाठवलं तुमी! पन मी नाही हाललो.”

“कोणाची बायको? आज मी कोणालाच पाठवलं नाही.”

सक्करदऱ्याला आपल्या घरापर्यंत कवडू धावत गेला. दारात लोक तिरडीचे बांबू बांधत होते.

“आली होती मी,” वच्छला म्हणाली. “तुमचा मालक आतच होता. उठून दार नाही उघडलं. नुसता खोकलला, मुर्दा!”

तेरावं झाल्यावर त्यानं तिला खरं सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही.

“एक डाव खोकलून दाखवा,” एवढंच म्हणाली.

त्याच्यानं ते झालं नाही.

तरी वैशाखात साहेब पचमढीला गेल्यावर तो त्याच घरात जाऊन बसला. नाही तर जाणार कुठं? गिरणी परत घेत नव्हती, चूल तर रोज मागते. तिथं कडी वाजली की तो खोकायचा, आणि मग दाराच्या फटीला कान लावून पावलं दूर जाईपर्यंत उभा राहायचा.

तेव्हा कुलूप न लावता जाणाऱ्यांनो, घर राखायला माणूस ठेवाल त्या दिवशी एवढं करा. कोणाच्या हाकेला दार उघडायचं, ते एक नाव तरी त्याचं त्याला ठरवू द्या.