इंग्रिडबाईंची ओळख आणि धोंडिबाशेठचा अंगठा

बँकेत खाते उघडायला कोणी प्रवासाला निघते का? मी निघाले, आणि चार दिवसांत चिंचवड, पुणे, चाकण, परत पुणे अशी वरात काढून आले. वरातीत नवरीच्या जागी होत्या डेन्मार्कच्या इंग्रिडबाई.

पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात बाई प्रयोगशाळेत आहेत आणि मी कचेरीत टंकलेखन करते. इंग्रजी बोलणारी मुलगी म्हणून त्यांची दुभाषी मीच. पगार फक्त चेकने मिळणार आणि बाईंचे खाते नाही. हिशेबनीसांनी तोडगा काढला, की मंगळवारपर्यंत खाते झाले नाही तर पगार प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांच्या खात्यात जमा करू, ते बाईंना देतील. बाई शांतपणे म्हणाल्या, "काम मी करायचं आणि हात साहेबांपुढे पसरायचा? मग मी घरी परत जाते." मी मनात म्हटले, शाबास! आणि तोंडाने म्हटले, "खातं मी उघडून देते." बी. ए. झाल्यापासून मला कोणतीच गोष्ट अवघड वाटत नाही.

शुक्रवारी सकाळच्या पॅसेंजरने पुण्याला गेलो. चिंचवडहून तिसऱ्या वर्गाचे चार आणे, पुढे लष्कर भागातल्या बँकेपर्यंत टांग्याचे आठ. टांगेवाला बारा म्हणेल, पण तुम्ही चालू लागा, तो मागून येतो. बरोबर पासपोर्ट, दोन फोटो आणि कारखान्याचे पत्र होते. कारकुनाने सगळे उलटसुलट पाहिले आणि विचारले, "ओळख कोण देणार?"

"पासपोर्ट आहे ना?"

"पासपोर्ट डेन्मार्कचा. डेन्मार्कला आम्ही कुठं ओळखतो? आमचा कोणीतरी खातेदार आणा. तो सही करून सांगेल, की या बाईंना मी ओळखतो."

"मी ओळखते."

"तुमचं खातं आहे?"

नव्हते. आमच्या घरात कोणाचेच नाही. साहेबांचे होते, पण त्यांच्याकडे जायचे नाही यासाठीच तर सगळा खटाटोप. कारकून दयाळू होता. हळूच म्हणाला, "बाहेर उभे राहा, कोणीही करेल सही." न ओळखणाऱ्याने ओळखतो म्हणून लिहायचे? मी त्याला सत्यावर एक छोटे भाषण दिले. मागच्या रांगेतून आवाज आला, "ताई, आटपा की राव!"

परतताना एकदम आठवले, की चाकणचे धोंडिबाशेठ कांद्याचे अडते आहेत आणि त्यांचे खाते याच बँकेत आहे. गेल्या उन्हाळ्यात मी चाकणला आत्याकडे राहून साक्षरता वर्ग चालवला, त्यातले ते सर्वांत वयस्क आणि सर्वांत हट्टी विद्यार्थी.

शनिवारी कासारवाडीच्या फाट्यावरून एस. टी. धरली. आठ आणे तिकीट. भोसरी, मोशी, मग इंद्रायणीचा पूल. खिडकीजवळ बसू नका, मोशीपुढे धुळीने भुवया पांढऱ्या होतात. इंग्रिडबाईंच्या मुळात पांढऱ्याच, त्यामुळे त्यांना फरक पडला नाही. शनिवार म्हणजे चाकणचा बाजार. कांद्याच्या ढिगांमधून वाट काढत गेलो, तर पन्नास माणसे आमच्या मागे.

"मास्तरीणबाई! ही मड्डम कुठनं धरून आणली?" शेठ ओरडले. मी सगळे सांगितले.

"वळख द्यायची? किती दिसांची वळख म्हणून सांगू?"

"आजचीच."

"मग आदी जेवा. उपाशी मानसाची काय वळख पटतीया!"

पिठले, बाजरीची भाकरी आणि ठेचा. मी बाईंना ठेच्याबद्दल सावध करेपर्यंत त्यांनी चमचाभर तोंडात घातला होता. डोळ्यांतून धारा लागल्या, पण त्यांनी पुन्हा बोट बुडवले. शेठनी आई आहे का, भावंडे किती, तिकडे कांदा काय भावाने, सगळे विचारून घेतले. शेवटी म्हणाले, "आता पटली. सोमवारी येतो. विचारलं तर सांगीन, बाई खरी हाय, रडती पन ताटावरनं उठत न्हाई."

सोमवारी अकराच्या आधीच बँकेत पोचलो. तुम्हीही तसेच करा, नंतर रांग वाढते. शेठ नवा फेटा बांधून आले होते. अर्जावर त्यांनी एकेक अक्षर कोरत सही केली. आख्खी बँक थांबली होती. मला वर्गाचे बक्षीस मिळाल्यासारखे वाटले.

कारकुनाने जुने कार्ड काढले. त्यावर निळा अंगठा.

"सही जुळत नाही."

"जुळंल कशी? तवा मला येत नव्हती."

"मग अंगठा लावा."

"न्हाई लावनार. मारुतीपुढं शपथ घेतलीया, आता कुठंबी अंगठा न्हाई."

"अशी शपथ कोणी घातली?"

शेठनी माझ्याकडे बोट केले. सगळी बँक माझ्याकडे पाहू लागली. खरेच, ती माझीच कल्पना. अंगठा लावणे ही लाज आहे, असे मी फळ्यावर लिहिले होते आणि मारुतीच्या देवळात तीस जणांकडून ती शपथ तीनदा म्हणवून घेतली होती.

इंग्रिडबाईंना समजावून सांगितले, तर त्यांनी अर्ज मागे ओढला. "यांना शपथ मोडायला लावू नकोस. मी साहेबांकडून घेईन पगार." आवाज अगदी लहान झाला होता.

आता भाषण सुचेना. मी एवढेच म्हणाले, "शेठ, मी चुकले. तुम्ही शिकलात ही अभिमानाची गोष्ट. आधी येत नव्हतं, यात लाज कसली? ती शपथ मी घालायलाच नको होती."

"घालनार तुम्ही, काढनार तुम्ही! मास्तरीण हाय का कोरट?"

आतून बँकेचे एजंट, म्हणजे तिथले मुख्य अधिकारी, बाहेर आले. म्हणाले, "शेठ, एकदाच लावा. त्यावरून तुमची नवी सही कार्डावर घेतो. पुढं अंगठ्याचं काम नाही."

शेठ विचारात पडले. "म्हंजे आंगठाच सांगनार, की ही सही धोंडिबाची हाय?"

"हो."

"मग लावतो. त्यानं इतकी वर्सं चाकरी केली, शेवटची साक्ष त्याचीच घ्या." आणि डावा हात पुढे केला. उजवा सहीसाठी कोरडा ठेवला होता.

खाते उघडले. नमुन्यासाठी बाईंनी एका झटक्यात सही केली, नुसती वेलबुट्टी. शेठनी ती निरखली. "एक अक्षर लागत न्हाई! हिला घ्या की तुमच्या वर्गात."

दिवे लागायच्या सुमारास घरी पोचले. एवढ्या धावपळीतून काय उरले, तर बाईंच्या पर्समधले चेकबुक आणि माझ्या मनातली एक बोच. चिंचवडला मी रात्रवर्ग चालवते, तिथेही याच शपथेचा समारंभ ठरवला होता. गावभर तसे सांगूनही झाले होते. त्या वर्गाला माझे वडील, आमचे बापू, स्वतः अजून अंगठाच लावत असूनही वर्षभरात एकदाही आले नाहीत. कधी पाटाचे पाणी, कधी बैल आजारी.

बापूंनी सगळी हकिकत ऐकून घेतली. मग विचारले, "शांते, त्या शेटला तू सोता म्हनालीस, लाज न्हाई म्हनून?"

"म्हणाले. सगळ्या बँकेसमोर."

ते म्हणाले, "उद्या येतो तुझ्या वर्गाला. पाटी लागंल का?"

"पण बापू, बैल?"

"त्याला काय झालंय? कवाचाच बरा हाय."