उलटे सेल

काल रिमोटमधून गळका सेल काढला. त्याच्या आंबूस वासानं प्रभाकर सरांचा चेहरा आठवला आणि अजूनही जिवाला गार वाटलं.

सत्त्याण्णव साली मंगळावर सहा चाकांची गाडी उतरली, तेव्हा तीर्थपुरीच्या आमच्या खगोल मंडळानं तिची थर्माकोलची प्रतिकृती केली. मोटर मी बसवली. प्रदर्शनाच्या सरावाच्या वेळी मी म्हणाले, "ही गाडी दगड हुंगत चालून राह्यली." मंडळाचे सचिव प्रभाकर सर जवळच्या आष्टीचेच, पण दोन वर्षं पुण्यात राहून आलेले. सगळ्यांदेखत म्हणाले, "राह्यली? आधी मराठी शीक, मग मंगळ." माहिती सांगायचं माझं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. मी आठवडाभर दातओठ खात होते.

प्रदर्शनाच्या सकाळी मी गाडीतले दोन्ही सेल उलटे घातले. पाहुण्यांपुढे सर ऐटीत म्हणाले, "आता ती मंगळाच्या पृष्ठभागावर मार्गक्रमण करीत आहे," आणि बटण दाबलं. गाडी मागं सरकत टेबलाच्या कडेकडे निघाली. सर किंचाळले, "अरे, धरा! उलटी जाऊन राह्यली!"

तेव्हा भीतीनं मी मान खाली घातली होती. आज वाटतं, मोठ्यांदा विचारायला पाहिजे होतं, "काय जाऊन राह्यली, सर?"