दिनकररावांच्या खुंटीवरची कोयती

दिनकररावांची आणि माझी पहिली भेट वेल्ह्याच्या एस.टी. थांब्यावर झाली. पानशेतचे धरण फुटले त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. वनखात्यात गार्ड म्हणून माझी नवी नेमणूक झाली होती आणि अंगात खात्याचा करकरीत खाकी सदरा होता. गाडीतून उतरलो तो समोर एक गृहस्थ उभे. सदरा तसलाच, पण विटलेला आणि खांद्यावर ठिगळ लावलेला. कंडक्टरने त्यांना रामराम घातला, पानवाल्याने घातला, डोक्यावर पाटी घेतलेल्या एका म्हातारीने तर पाटी सावरत घातला. माझ्या नव्या सदऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. ते दिनकरराव. गौरवग्रंथात असे लिहीत नसतात हे मला ठाऊक आहे, पण त्या क्षणी मला त्यांचा हेवा वाटला आणि तो आजतागायत उतरलेला नाही.

त्यांच्या षष्ठ्यब्दीपूर्तीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे. सत्कार समितीने मला बजावले आहे की लेखात सत्कारमूर्तींचे दोष येऊ नयेत. ही अट पाळणे मला मुळीच जड नाही. इतकी वर्षे बरोबर काढून मला त्यांच्यात धड एक दोष सापडला नाही, हेच तर माझे दुखणे आहे. त्यांचे आडनाव येथे देत नाही. मुखपृष्ठावर ते सोनेरी अक्षरांत आहेच. माझे मात्र अनुक्रमणिकेत शोधावे लागेल.

आमच्या कामात माणसाची ओळख त्याच्या कोयतीवरून होत असे. हातभर लांबीची, टोकाला किंचित वळलेली कोयती पाठीमागे कमरेला बांधलेल्या लाकडी आकडीत अडकवायची आणि रान तुडवायचे. हद्दीवरची झुडपे काढणे, उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून कारवी तोडून मोकळा पट्टा करणे, वाटेत आडवी आलेली फांदी बाजूला करणे, सारे तिच्यावर. दिनकररावांची कोयती रानात चालू लागली की आम्ही बाकीचे हात थांबवून बघत राहत असू. मनगटाइतकी फांदी एका घावात खाली यायची आणि कापलेली जागा गुळगुळीत दिसायची. साहेब फिरतीवर आले की म्हणत, "दिनकरराव, यांना जरा शिकवा." 'यांना' म्हणजे मला.

तेव्हा मला तशी कोयती हवी होती. दुसरी कसलीही नव्हे, त्यांच्यासारखी. हा सगळा लेख म्हणजे त्या एका हव्यासाची हकीकत आहे.

नव्या गार्डाने आपली कोयती आपणच करून घ्यावी असा रिवाज होता. किकवीला हमरस्त्यावर एक लोहार मोटारीच्या जुन्या कमानपाट्यांपासून कोयत्या करायचा. भोरला एक नामांकित होता, तो मुठीला पितळी कडी चढवून द्यायचा. आणि वेल्ह्यात तुकाभाऊ लोहार होते, ज्यांच्या दुकानात दाखवायला कधी काही नसे. मी दिनकररावांना न विचारता किकवी गाठली आणि आरशासारखी लखलखीत कोयती घेऊन आलो. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, आणि परत दिली.

"कशी वाटली?" मी विचारले.

"नवी कोयती म्हंजी बोहल्यावरचा नवरा, बापूराव," ते म्हणाले. "तवा समदेच चांगले दिसत्यात. धा वरसांनी बायकूला इचारावं."

मला वाटले, थट्टा करताहेत. पण त्यांची हीच रीत होती. कोणत्याही लोहाराकडे गेले की ते नवी कोयती बघतच नसत. "तुमची जुनी कुनाकडं हाय?" एवढेच विचारत आणि मग ती बघायला पायपीट करत. किकवीच्या कोयतीचे दात पडले, करवंदीच्या जाळीतच पडले, तेव्हा ते मला तोरण्याच्या अंगाला एका धनगरवाड्यावर घेऊन गेले. तिथे धोंडाबाई नावाच्या आजी शेळ्यांना ऐनाचा पाला तोडत होत्या. त्यांच्या हातातली कोयती झिजून झिजून बीजेच्या चंद्रकोरीएवढी उरली होती.

"आजी, कवाची हाय?" दिनकररावांनी विचारले.

"सासूबाईंची. येल्ह्याच्या तुकारामाच्या बापानं केल्याली. मागल्या साली मूठ तेवढी तुकारामानं बदलून दिली."

"चालती का?"

"माझ्यापरीस बरी चालती, बाबा. मला गुडघं हायती, तिला न्हाईत."

दिनकररावांना तिथे ताकाचा तांब्या मिळाला. मलाही मिळाला, पण त्यांचे पिऊन झाल्यावर. उतरताना ते म्हणाले, "बास. बापाचाच हात तुकाभाऊंचा हाय, त्यांच्याकडंच करा." हे मला का सुचू नये? जुनी वस्तू बघून कारागीर ओळखावा, यात अवघड असे काय आहे? पण सुचले त्यांना, आणि नाव झाले त्यांचे.

तुकाभाऊंची एक पद्धत होती. गिऱ्हाईक आले की आधी म्हणायचे, "हात दावा." मग तो हात आपल्या हातात घेऊन दाबायचे, मनगट वळवून बघायचे, मूठ मिटायला लावून सुतळीने तिचा घेर घ्यायचे. मी गेलो तेव्हा बाजारचा दिवस होता आणि भात्याभोवती माणसे विड्या ओढत बसली होती.

आता एक सांगणे भाग आहे. मी डावखुरा आहे. हे आजवर फार थोड्यांना ठाऊक आहे. लहानपणी पाटीवर डाव्या हाताने अक्षर काढले की गुरुजी त्याच हातावर छडी मारत, आणि डाव्या हाताने घास उचलला की आई म्हणे, "मुलगी कोन दील तुला?" तेव्हापासून चारचौघांत मी सगळे उजव्याने करायला शिकलो होतो. डावा हात एकांतातला.

तेव्हा मी उजवा हात पुढे केला.

तुकाभाऊंनी तो दाबला आणि जरा थांबले. "ह्योच का?" त्यांनी विचारले.

"दुसरा कशाला इचारता?" मी म्हणालो. माणसे हसली. तुकाभाऊंनी सुतळी काढली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, फक्त मला ते कळायला पुढे फार काळ लागला.

कोयती सुंदर झाली. पण माझ्या हातात ती दिनकररावांच्यासारखी चालेना. उजव्या हाताने मारली तर घावात जोर नसे. आजूबाजूला कोणी नसताना डाव्या हातात घेतली तर फांदीत रुतायच्या ऐवजी बाहेरच्या बाहेर सटके. मी एकच अर्थ काढला. तुकाभाऊंनी चांगले लोखंड दिनकररावांसाठी राखून ठेवले आणि मला उरलेसुरले दिले. माझ्या कोयतीला तापवून नीट पाणीच पाजले नाही. कोण किती पाण्यात आहे हे गावाने आधीच ठरवून टाकले आहे. या विचाराने मी रानात एकटाच बडबडत चालत असे.

दिनकररावांच्या स्वभावाबद्दल समितीने दोन शब्द मागितले आहेत, म्हणून एक प्रसंग देतो. गुंजवण्याच्या वर एकदा एक बाई ओल्या लाकडाचा भारा घेऊन जाताना आम्हांला सापडली. ओले लाकूड तोडायला मनाई होती. आम्हांला बघून तिच्या हातून भारा पडला. मी दरडावायला तोंड उघडले, तोवर दिनकररावांनी पुढे होऊन भारा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला आणि मग म्हणाले, "ताई, ह्यो शेवटचा. उद्यापासनं वाळकं न्या. वाळकं कुठं हाय ते म्या दावतो." आणि खरेच दुसऱ्या दिवशी दाखवायला गेले. त्या वस्तीने पुढे ओल्या फांदीला हात लावला नाही. माझ्या बीटात, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या रानात, मी रोज ओरडत होतो आणि माझ्याच बीटात फांद्या तुटत होत्या. माझ्यासारख्याने मग जळू नये तर काय करावे?

एका चैत्रात गुंजवण्याच्या वरच्या धारेला वणवा लागला. भर दुपार, वारा आमच्याकडे, आणि खाली गवताने शाकारलेली घरे. आगीच्या पुढे कारवी तोडून पट्टा मोकळा करायचा होता. दिनकरराव एका टोकाने, मी दुसऱ्या टोकाने निघालो. माझा उजवा हात थोड्याच वेळात भरून आला. घाव उथळ पडू लागले आणि एका घावाला कोयती मुठीतून निसटून धूर भरलेल्या घळीत गेली. मी ओरडलो. दिनकररावांनी धावत येऊन स्वतःची कोयती माझ्या हातात दिली आणि स्वतः मोडलेल्या फांदीने आग झोडपू लागले.

भीतीने माणसाचे शिकलेले सगळे गळून पडते. ती कोयती मी घेतली ती डाव्या हातात. जीव खाऊन मारली. आणि ती नामांकित, जगात तोड नसलेली कोयती कारवीवरून सटकली, पुन्हा सटकली. तिसऱ्या वेळी दिनकररावांनी वळून माझ्या हाताकडे पाहिले. कोयती माझ्याकडून घेतली, माझ्या हातात फांदी दिली आणि राहिलेला पट्टा एकट्याने मोकळा केला. घरे वाचली. गावाने नारळ देऊन त्यांचा सत्कार केला. मी मनात म्हणालो, यांची कोयतीसुद्धा यांच्याशिवाय कोणाचे ऐकत नाही.

त्यानंतर एकदा ते माझ्या खोलीवर आले. फडक्यात गुंडाळलेली नवी कोयती होती. म्हणाले, "तुकाभाऊंकडनं करून घेतली, पर माझ्या हाताला बसत न्हाई. तुमी बगा बरं."

माझी घळीत गेलेली कोयती परत मिळाली नव्हती आणि तुकाभाऊंकडे पुन्हा हात पुढे करायचा नाही असे ठरवून मी सरकारी विळ्यावर दिवस काढत होतो. तरी माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तुमच्या हाताला न बसल्याली मी का घिऊ?" मी म्हणालो. "टाकल्यालं घ्यायची येळ न्हाई आली माझ्यावर."

ते हसले, "बरं," म्हणाले आणि फडके पुन्हा गुंडाळून घेऊन गेले.

पुढे ती कोयती त्यांच्या घरी पडवीतल्या खुंटीवर लटकलेली दिसायची. शिमग्याला पोळी खायला गेलो की दिसे, गणपतीला गेलो की दिसे. नेहमी तेल लावलेली, नेहमी धारेची. एक यांच्या कमरेला आणि एक खुंटीला, आणि माझ्याकडे धड एकही नाही. पोळी गोड लागत नसे.

आम्ही दोघेही आता निवृत्त झालो. या लेखाची जुळवाजुळव करायला मी परवा त्यांच्या घरी गेलो. ते शेतावर होते. वहिनींनी चहा ठेवला. खुंटीवर ती कोयती होतीच. मी सहज म्हटल्यासारखे करून विचारले, "वहिनी, दिनकरराव ही कदी वापरत का न्हाईत?"

"ह्यांच्या काय कामाची, भावजी? ती डावखुऱ्याची हाय."

"म्हंजी?"

"तुकाभाऊंची धार एका अंगाला असती न्हवं? उजव्याची ह्या अंगाला, डाव्याची त्या अंगाला. दुसऱ्या हातानं मारली की सटकती." वहिनींनी चहा गाळला. "दर शिमग्याच्या आदी खाली काढत्यात, धार लावत्यात, त्याल लावत्यात, परत टांगत्यात. म्या म्हनलं, ज्याची हाय त्याला दिऊन टाका की. तर म्हनत्यात, बापूराव माझ्यावर लई जळत्यात, पर माझं घर इसरत न्हाईत. नेतील एक दिस."

मी कोयती खुंटीवरून काढली. डाव्या हातात. मूठ बोटांत अशी बसली की मला मूठ आवळावी लागली नाही. मागच्या कुंपणाला निरगुडी माजली होती. मनगटाइतकी फांदी बघून मी एक घाव घातला. फांदी खाली आली आणि कापलेली जागा मी अंगठ्याने चाचपून पाहिली. गुळगुळीत होती. मग मी सगळे कुंपण तोडत सुटलो. इतका की वहिनी ओरडल्या, "भावजी, ऱ्हाऊ द्या थोडं, गुरं शिरतील!"

मागून दिनकरराव आले होते. केव्हापासून उभे होते कोण जाणे.

"सांगायचं व्हतं की हो," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "इतकी वर्सं! सरकारी इळ्यावर नोकरी काढली मी!"

"तुमी चारचौघांत झाकल्याला हात," ते म्हणाले, "त्यो म्या कसा उघडा करनार?"

मला राग आला, रडू आले आणि सर्वांत जास्त काय आले असेल तर हेवा. माझा स्वतःचा हात आणि तोही माझ्याआधी त्यांनी ओळखावा!

तुकाभाऊ आता नाहीत. तेव्हा दुसरी अशी कोयती होणे नाही, आणि ही एक माझ्याकडे आहे. ज्यांना कोयती निवडायची असेल त्यांनी दिनकररावांची रीत पाळावी, जुनी बघून लोहार ठरवावा. फक्त लोहाराने हात मागितला तर खरा द्यावा, एवढी भर माझी. या ग्रंथात निदान एक वाक्य त्यांच्या नावावर नसलेले असावे.

दिनकररावांनी शंभरी पाहावी, डोळे, दात आणि गुडघे शाबूत ठेवून पाहावी, वहिनींच्या सोबतीने पाहावी. मी त्यांच्याहून दीड वर्षाने लहान आहे. शंभरी मीही गाठीन म्हणतो, म्हणजे शेवटचे दीड वर्ष तरी त्यांच्यापुढे राहीन. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांना हा परिच्छेद लावायला त्रास होईल, वाकडेतिकडे अक्षर पाहून संपादकांनी रागावू नये. इथवरचा लेख उजव्या हाताने लिहिला. हा एवढा परिच्छेद दुसऱ्या हाताने लिहिला आहे, गुरुजींच्या छडीनंतर पहिल्यांदाच.