प्रातो गावातले तीन सोलापूरकर

तीन माणसं दोन वर्षं एका खोलीत राहिली, की भांडी, चादरी आणि किस्से कुणाचे हे नंतर सांगता येत नाही. आमची भांडी इटलीतच राहिली, चादरी फाटल्या, किस्से मात्र वाढतच चाललेत. दर रविवारी सकाळी नवी पेठेतल्या हॉटेलात आम्ही तिघं बसतो. कुणीतरी "प्रातोला असताना..." असं सुरू केलं, की शेजारच्या टेबलावरचं गिऱ्हाईक हळूच खुर्ची आमच्याकडे वळवतं. घरच्यांनी मात्र केव्हाच हात टेकलेत. मी 'इटली' म्हटलं की माझी बायको दळणाचा डबा उचलून बाहेर पडते!

आम्ही तिघं म्हणजे कोण? मी माढ्याचा. हे दोघं मला नुसतं 'माढा' म्हणतात. नरसय्या सोलापूरच्या साखर पेठेतला, घरात तेलुगू आणि दारात माग. आणि शिवानंद मैंदर्गीचा, किराणा दुकानदाराचा मुलगा, गळ्यात लिंग, बोलणं अर्धं मराठी नि अर्धं कन्नड. बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी स्कॉलरशिप मिळून आम्ही फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो नावाच्या कापडाच्या गावी शिकायला गेलो. अट एकच. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत सगळे विषय सुटले पाहिजेत, नाहीतर डिप्लोमा न घेताच परत. नरसय्याचं आणि माझं बरं चाललं होतं. शिवानंदचं घोडं मात्र रंगाईच्या केमिस्ट्रीत पेंड खात होतं. पहिल्या वर्षी तो त्यात आपटला आणि तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, "माढा, नापास होऊन मैंदर्गीत कुटल्या तोंडानं उतरू? अप्पांनी आख्ख्या बाजाराला सांगून ठेवलंय की!"

*

जातानाचीच गोष्ट. शिवानंदच्या आईने ट्रंकेत कडक भाकऱ्यांची हातभर चळत बांधून दिली होती. रोमच्या विमानतळावर कस्टमवाल्याने ती सोडली. एक भाकरी काढली, बोटाने वाजवली, उजेडात धरली, हुंगली. मग दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्याने तिसऱ्याला. आम्हाला इटालियनचे चार शब्द येत होते, त्यात भाकरी नव्हती.

शेवटी शिवानंदने कडाडकन भाकरी मोडली, शेंगाचटणी लावली आणि तिघांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला. एकाला ठसका लागला. दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्याने सावकाश चावून चावून खाल्लं आणि तपासल्याची खूण म्हणून ट्रंकेवर खडूने फुली मारली. सुटलो म्हणून आम्ही दारापर्यंत पोचतोय, तोच हा तिसरा मागून पळत आला. त्याने तळहात पुढे केला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "रेड पावडर... लिटल मोर?"

*

पहिल्या रविवारी संध्याकाळी खिडकीतून पाहतो तर अख्खं गाव नटूनथटून एकाच दिशेला निघालेलं. म्हातारे कोट-टोपीत, बायका उंच टाचांच्या बुटांत, पोरांनी पाणी लावून भांग पाडलेले. शिवानंद म्हणाला, "जत्रा दिसतीया! चला, देवाला जाऊन येऊ. केमिस्ट्रीचं बी कानावर घालतो." आणि त्याने कपाळाला ठसठशीत विभूती लावली.

आम्ही गर्दीत शिरलो. रस्ता संपला, चौक आला आणि सगळी गर्दी वळून आल्या वाटेने परत निघाली! देऊळ नाही, पालखी नाही, भेळेची गाडीसुद्धा नाही. पुन्हा त्या टोकाला, पुन्हा मागे. नरसय्याने एका आजोबांना विचारलं, "कुठे चाललात?" आजोबा म्हणाले, "कुठेच नाही. फिरतोय."

नरसय्याचं समाधान झालं. शिवानंदला काही पटेना. "नवे कपडे घालून कुणी कुटंच न्हाय असं जातं व्हय?" तिसऱ्या फेरीला बघतो तर याने पायातले बूट काढून हातात घेतलेले! का म्हणून विचारलं, तर म्हणे, "देव दिसंना, पन प्रदक्षिणा तर हाय की!"

*

कॉफीचं सांगायलाच हवं. पहिल्यांदा मागवली तेव्हा अंगठ्याएवढ्या कपाच्या तळाला चमचाभर काळं पाणी आलं. नरसय्याने ते जिभेवर घोळवलं, मान डोलावली आणि मालकाला म्हणाला, "पसंत आहे. आता कॉफी आणा!"

पुढे दोन वर्षं आम्ही दारात दिसलो, की तो मालक आत वर्दी द्यायचा, "चव बघणारे आले!"

*

आमची घरमालकीण सिन्योरा पिया, सत्तरीची, अतिशय मायाळू. शिवानंदने तिला पहिल्याच जेवणाला सांगितलं, "मांस नाही, मासा नाही, अंडंही नाही." तिने छातीवर क्रूस काढला आणि हळूच विचारलं, "कधीपासून?"

"जन्मापासून."

त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरलाच घेऊन आली! डॉक्टरने शिवानंदची जीभ पाहिली, छाती पाहिली, नाडी पाहिली. मग सिन्योराकडे वळून म्हणाला, "याला काहीही झालेलं नाही. तुमचं ब्लडप्रेशर बघता, उद्यापासून हा खातो तेच तुम्ही खा."

सिन्योरा त्या डॉक्टरशी महिनाभर बोलली नाही.

*

त्या काळात तिथल्या कॉलेजात महिन्यातून एखादा संप नसला तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या वर्षीचा एक संप फारच लांबला. शिवानंद कासावीस. संप लांबला की परीक्षा लांबणार, परीक्षा लांबली की स्कॉलरशिप गेली! म्हणून संप कधी मिटतोय ते बघायला आम्ही विद्यार्थ्यांच्या सभेला गेलो.

हॉल खचाखच भरलेला. भाषणं दोन तास संपेनात. नरसय्या मध्ये अडकलेला, आणि त्याला जोराची लागलेली. बिचारा म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकलेला. त्याने काय करावं? उभा राहिला आणि करंगळी वर केली!

व्यासपीठावरचा दाढीवाला पुढारी बोलता बोलता थांबला. "भारतातल्या कॉम्रेडला काही सांगायचंय!" टाळ्यांचा कडकडाट. पोरांनी नरसय्याला उचलून थेट माइकपुढे नेऊन ठेवलं. आता हा काय सांगणार? त्याने पुन्हा करंगळी वर केली आणि जीव तोडून ओरडला, "अर्जंट! अर्जंट!"

हॉल पेटला. शेकडो करंगळ्या वर! "अर्जंट! अर्जंट!" त्याला वाट मिळायला आणखी बराच वेळ गेला. पुढच्या आठवड्यात गावातून मोर्चा निघाला, तोही मुठी न वळता करंगळ्या वर करून. सगळ्यात पुढे नरसय्या, अगदी गंभीर चेहऱ्याने. मी आणि शिवानंद हसून हसून फुटपाथवर बसलो होतो.

*

अखेर संप मिटला आणि शिवानंदची रंगाईच्या केमिस्ट्रीची परीक्षा लागली. ही शेवटची संधी. यानंतरची परीक्षा ऑक्टोबरात, आणि स्कॉलरशिप जुलैत संपणार. आदल्या दिवशी त्याने जेवण सोडलं. मला खरंच त्याची काळजी वाटत होती.

तिकडे परीक्षा तोंडी, तीही सगळ्यांसमोर. मागच्या बाकांवर ज्याला वाटेल त्याने बसून ऐकावं. मार्क तीसपैकी, अठराला पास. आणि मार्क सांगून प्रोफेसर विचारतात, "घेणार?" कमी वाटले तर नाही म्हणायचं आणि पुढच्या परीक्षेला पुन्हा बसायचं. शिवानंदला हे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि मैंदर्गीत वाढणं वेगळं! तिथे कुणी काही पुढे केलं आणि तुम्ही पहिल्या झटक्याला 'हो' म्हणालात, तर हावरट ठरता. दोनदा 'नको' म्हणायचं, समोरच्याने आग्रह करायचा, मग मान तुकवायची.

प्रोफेसरीणबाई करड्या केसांच्या आणि त्याहून करड्या आवाजाच्या. त्यांनी अर्धा तास शिवानंदला पिळून काढलं. घामाघूम झाला, पण उत्तरं देत होता. शेवटी बाईंनी त्याची मार्कांची पुस्तिका उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

"बावीस. घेणार?"

सुटला! मी आणि नरसय्याने मागे एकमेकांचे हात घट्ट धरले. आणि शिवानंदने, पानावर वाढप्याला अडवतात तसे, मार्कांच्या पुस्तिकेवर दोन्ही हात आडवे धरले. लाजत म्हणाला, "नको नको, प्रोफेसोरेस्सा!"

"मेला बे हा!" नरसय्या कळवळला.

बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "नको? मग हे सांगा." आणखी अवघड प्रश्न. शिवानंदने धडाधड उत्तर दिलं.

"सव्वीस. घेणार?"

"नको, खरंच नको!"

मला राहवेना. मी मराठीत ओरडलो, "शिवा, हो म्हण की लेका!" त्याने वळून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी भर पंगतीत त्याची अब्रू काढली.

बाई आता खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. तिसरा प्रश्न लांबलचक होता, उत्तर त्याहून लांब. ते संपल्यावर त्यांनी चष्मा पुन्हा चढवला.

"अठ्ठावीस. याच्या वर मी सहसा जात नाही. घेणार?"

शिवानंदने हात काढले. पुस्तिका दोन्ही हातांनी पुढे सरकवली आणि मान तुकवून म्हणाला, "आता तुम्ही एवढं म्हणताय तर... घाला!"

बाईंनी मार्क घातले, खाली सही केली. नरसय्या चक्क रडत होता. माझेही डोळे भरून आले होते.

शिवानंदच्या मागे नंबर पाओलोचा, तिथल्याच एका गिरणीवाल्याच्या मुलाचा. त्याने सगळा प्रकार पहिल्या बाकावरून डोळे फाडून पाहिला होता. त्याचे प्रश्न लवकर संपले.

"एकोणीस," बाई म्हणाल्या. "घेणार?"

पाओलोने आधी आमच्याकडे पाहून डोळा मारला. मग पुस्तिकेवर दोन्ही हात आडवे धरले आणि लाजत म्हणाला, "नको नको, प्रोफेसोरेस्सा!"

"बरं," बाई म्हणाल्या. "ऑक्टोबरात या."