काठावर रोवलेली खुंटी

सगळ्यात आधी चाचांचं सांगते. हर्णैला रिक्षा चालवतात. वय झालंय, दाढी पांढरी, आणि रिक्षाच्या काचेवर नातीने काढलेला एक वाकडातिकडा मासा चिकटवलेला. "माझं नाव कुठं घालू नको," असं ते म्हणाले, म्हणून घालत नाही. पण त्या दिवशी ते नसते तर माझ्या वडलांनी समुद्र बघितला नसता, आणि नंतर तो त्यांना बघताही आला नसता. एवढं आधी सांगितलं म्हणजे बाकीचं सांगायला मोकळी झाले.

मी बीडजवळच्या पालीची. नवरा इकडे दापोलीच्या बाजूला चिऱ्याच्या खाणीत कटिंगचं मशीन चालवतो आणि मी कर्द्याच्या एका लॉजवर भाकरीला आहे. लोक पुण्याहून येतात, जेवता जेवता विचारतात, "ताई, इथला सगळ्यात छान बीच कुठला?" पहिल्या वर्षी मी घाबरून नुसतीच हसायची. आता सांगते. घोडे, बोटी, गर्दी पाहिजे तर मुरूड. कर्द्याची वाळू इतकी घट्ट की गाडीचं चाक रुतत नाही. लाडघरला खडे तांबूस, उतरत्या उन्हात पाणीसुद्धा तांबूस दिसतं. हर्णैला मासळीचा लिलाव, समोर पाण्यातच किल्ला. केळशीला वाळूची टेकडी. पाडल्याचं नाव मी शेवटी घेते, आणि माणूस घाईत दिसला तर घेतच नाही.

वडलांना आम्ही दादा म्हणतो. बिंदुसरेच्या धरणाचं पाणी उन्हाळ्याकडे उतरायला लागलं की मागे ओला गाळ उघडा पडतो, त्यात दादा टरबुजं, काकड्या लावायचे. गाळपेर म्हणतात त्याला. तिन्हीसांजेला ते पाण्याच्या अगदी कडेला बाभळीची खुंटी रोवायचे आणि सकाळी जाऊन बघायचे, पाणी खुंटीपासून किती मागं गेलं. जेवढं मागं गेलं तेवढ्या पट्टीत बी. आमचं घर त्या खुंटीवर चालायचं. मी आठवीत होते त्या साली धरण भरलंच नाही. खुंटी रोवायला कडच उरली नाही, नुसत्या भेगा. मी हंडे घेऊन लांब लांब पाण्याला जायला लागले आणि शाळा राहून गेली ती गेलीच. दादा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मीही नाही.

मागच्या हिवाळ्यात भावाचा फोन आला. दादांना काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसऱ्याने नळीतून बघितल्यागत मधलं तेवढंच दिसतंय. गेलेलं परत येणार नाही, आणि राहिलेलं किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा दादांनी भावाला म्हटलं होतं, "लेक समिंदराच्या कडंला राहती. तेवढं पाणी एकदा बघून घेतो. मंग काय व्हायचं ते होऊ दे."

भावाने त्यांना पुण्यापर्यंत आणलं, तिथून माझा नवरा घेऊन आला. रात्री पोचले. मला झोप नाही. एकच दिवस माझी सुट्टी, त्यात त्यांना नीट दिसलं नाही तर? आभाळ आलं तर? लॉजवर नेहमी भाडं घेऊन येणाऱ्या चाचांना सांगून ठेवलं होतं, ते सकाळीच दारात हजर.

पहिल्यांदा मुरूडला गेलो, कारण सगळे तिथंच जातात. भरतीमुळे वाळू थोडी उरलेली आणि तेवढ्यात सगळी माणसं. दादांना बाजूचं काही दिसत नाही हे मी विसरले नव्हते, पण त्याचा अर्थ मला तिथं कळला. चार चाकांची ती वाळूतली गाडी त्यांच्या कोपराला चाटून गेली. मग घोडा. ते जागच्या जागी गोल फिरायला लागले, माझा हात घट्ट धरून.

"कुठून येतंय, काय येतंय, काई कळंना. चल बाई घरी."

"दादा, पाणी तर बघा."

"बघितलं. लई हाय."

त्यांनी पाण्याकडे तोंडसुद्धा केलं नव्हतं.

लाडघरला गर्दी नव्हती, पण खडे होते. दोन पावलांत ठेचकाळले, अंगठा फुटला. माझा रडवेला चेहरा बघून चाचा म्हणाले, "पोरी, आता तू गप्प बस. आता मी नेतो." दादांना म्हणाले, "काका, तुमच्या डोळ्यांना गर्दी नको आणि पायाला दगड नको. बरोबर?"

"आन् वर ऊनबी नगं," दादा म्हणाले. "हाय का असा समिंदर तुमच्याकडं?"

"मागवून घेतो," चाचा म्हणाले.

हर्णै मागं टाकून, आंजर्ल्याच्या खाडीवरचा पूल ओलांडून आम्ही पाडल्याला आलो. सुरूचं बन, सावली, मऊ वाळू, आणि माणूस म्हणाल तर आम्हीच. दादांनी चपला काढल्या. चाचा एका बाजूला, मी दुसऱ्या, असे त्यांना पाण्याच्या कडेपर्यंत नेलं. लाट पायावरून गेली तसे ते दचकले, मग हसले. आणि मग त्यांनी काय केलं, तर वाकून, चाचपडून सुरूची एक काटकी उचलली आणि पाण्याच्या कडेला रोवली. हात आपोआपच गेला असावा.

बनात बसून आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चाचांनी दोन घास घेतले. त्यांचा फोन सारखा वाजत होता. "रस्त्यात आहे, येतो," म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. "कावून वो, घरचे बोलवतेत का?" दादांनी विचारलं, तर म्हणाले, "बायको आहे, तिला सवय आहे ओरडायची."

जेवण झाल्यावर दादा काटकीपाशी गेले. काटकी सापडली, पण पाणी सापडेना. हाताने वाळू चाचपली. ओली, पण पाणी नाही. मान वर करून त्या नळीएवढ्या नजरेने ते शोधत राहिले. पाणी पार लांब, एक पांढरी रेघ झालेलं.

मला वाटलं, विचारतील. ते मट्कन खाली बसले.

"गेलं," म्हणाले. "इथंबी गेलं."

"दादा, ते—"

"एका जेवणात एवढं मागं गेलं. आपल्या धरणाला एवढं जायला पंधरवडा लागतो. तवाबी असंच मागं मागं गेलतं बाई. तुझी शाळा त्याच्यातच गेली." हाताची ओली वाळू त्यांनी झटकली. "माझा पायगुनच तसला. कशाला आलो मी हितं."

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा बोलले, आणि कुठं, तर समुद्रासमोर. ओहोटी काय असते हे मला माहीत होतं, रोज बघते. पण ते सांगायचं सोडून मी नुसती त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले.

चाचा आले आणि दादांच्या शेजारी वाळूत मांडी घातली. समजावलं वगैरे काही नाही. म्हणाले, "काका, तुमची काठी चांगली घट्ट रोवलीय ना?"

"खुंटी हाय ती. घट्ट हाय."

"मग बसू इथंच. ती बुडल्याशिवाय मी रिक्षा चालू करत नाही."

"पाऊस न्हाई, काई न्हाई. कशी बुडंल?"

"आमच्या समुद्राला पाऊस लागत नाही."

"फेकता तुमी."

"खोटं निघालं तर दाढी काढतो."

दादांना हसू आलं, पण विश्वास नव्हता. मग दोघे म्हातारे बसले. चाचांनी विचारलं, तुमच्याकडे काय आहे बघायला? दादा म्हणाले, काई न्हाई, दगडं. मग म्हणाले, सीताफळं हायेत. धरण भरलं की सांडव्यावरून पाणी पडतं, ते हाय. चाचा म्हणाले, मी आयुष्यात कधी घाट चढलो नाही, सगळा जन्म या किनाऱ्यावर गेला. दादा म्हणाले, मंग या की आमच्याकडं. फोन पुन्हा वाजला. चाचांनी तो बंदच करून टाकला.

पाणी आलं. आधी आवाज जवळ आला, तो दादांनी माझ्या आधी ओळखला. ते उठून काटकीपाशी गेले, खाली बसले आणि तिच्यावर हात ठेवला. पहिली लाट काटकीपर्यंत यायच्या आतच जिरली. दुसरी बोटांना लागली. मग एकीने काटकीला वेढा घातला, आणि थोड्या वेळाने दादांच्या हाताखाली काटकी बुडायला लागली. धोतर भिजलं तरी उठेनात.

"बाई, वाढतंय," ते म्हणाले. "बघ, बघ, वाढतंय! पाऊस न्हाई आन् वाढतंय."

त्यांनी मान वर केली. ऊन उतरलं होतं. त्या बारक्या नळीतून त्यांना समुद्र किती दिसला असेल कोण जाणे. ताटाएवढा, की त्याहून कमी. पण ते मान हळूहळू डावीकडून उजवीकडे नेत राहिले, एक एक तुकडा करत, शेवटपर्यंत. मग म्हणाले, "सरंना की."

चाचा मागून ओरडले, "काका, दाढी वाचली माझी!"

परतताना हर्णैच्या अलीकडे एका घरासमोर मंडप दिसला, आचारी भांडी घासत होते. चाचांनी रिक्षा तिथं हळू केली, आत बघितलं आणि पुढं घेतली. नंतर मला लॉजच्या मालकिणीकडून कळलं, त्या दिवशी चाचांच्या पुतणीचा साखरपुडा होता.

दादा गावी गेले आणि पुढचा पावसाळा यायच्या आत उरलेला डोळाही गेला. आता गाळपेर भाऊ करतो. दादा ओट्यावर बसलेले असतात. घरून फोन आला की बहुतेक वेळा तेच असतात. विचारतात, "पानी कुठवर आलंय गं?" मी कर्द्याच्या वाळूत उभी राहून सांगते, आलंय दादा, वर आलंय. ओहोटी असली तरी तेच सांगते. कधी फोन पाण्याकडे धरते. ते ऐकत राहतात. मग मला फोन ठेवायला अवघड जातं आणि त्यांनाही.

चाचांना मी एकदा म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू. ते म्हणाले, भाकरी चांगली करतेस, करत जा. तेवढ्याने माझं भागत नाही. बिंदुसरेचं धरण भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागेल त्या वर्षी मी चाचांना घाट चढवून पालीला नेणार आहे. सीताफळांचे दिवस असतील. त्यांना दादांच्या शेजारी ओट्यावर बसवीन, मग दोघांना हाताला धरून पाण्याच्या कडेला नेईन आणि तिथं खुंटी रोवीन. या खेपेला काय दिसतंय ते चाचांनी दादांना सांगायचं. तेवढं झाल्याशिवाय मी त्यांच्या ऋणातून मोकळी होणार नाही, आणि ते मी करणार.